दुपारची ऊर्मिला

१

डार्मश्टाटला बेसुंगेन भागात दुसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. माझा नवरा श्रीधर र्युसेल्सहाइमला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. तो साडेसहाला गाडी काढायचा, मी सव्वासातची ट्राम धरायचे. माझी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी इथे मान्य करून घेण्यात साडेतीन वर्षं गेली होती. २००६ च्या हिवाळ्यात शेवटी एका संशोधन संस्थेत नोकरी मिळाली. ती नोकरी मी कुणासाठीही सोडणार नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

घरात माझी एकच चैन होती, जुनी फ्रेंच तांब्याची भांडी. रविवारी फ्लोमार्क्टमध्ये, जुन्या बाजारात हिंडून मी ती गोळा करायचे. जाड पत्र्याची, लोखंडी दांड्याची, दांड्याला तीन-तीन रिव्हेट मारलेली. आमच्याकडच्या पातेल्यांसारखी त्यांनाही आतून कल्हई लागते. ओडेनवाल्डमधल्या एका खेड्यात हेर रेटिश नावाचे म्हातारे गृहस्थ अजून ते काम करत. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, बोळ्याने पुसायचं, सगळं आपल्यासारखंच. फक्त वेळ घेऊन जावं लागायचं आणि बूट पुसून आत शिरावं लागायचं.

२००७ च्या एप्रिलमध्ये मला एकात एक बसणाऱ्या पाच पातेल्यांचा संच मिळाला. आमच्याच भागात एक फ्रेंच बाई वारली होती आणि तिचा भाचा घर रिकामं करत होता. "रोज वापरायच्या का त्या ही भांडी?" मी विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाही. आमचं फारसं जाणं-येणं नव्हतं." कल्हई पार उडाली होती. हेर रेटिशनी पाचही भांडी चांदीसारखी करून दिली. मी ती खिडकीशेजारी मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने टांगली.

मे महिन्यात माझ्या सासूबाई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर.

२

सासरे जाऊन वर्ष झालं होतं. वासंतीबाईंना, म्हणजे आईंना, नाशिकच्या घरात एकटीला करमत नव्हतं. नणंद सुलेखा तिथेच, पण तिच्या घरी दोन खोल्या आणि चार माणसं. म्हणून श्रीधर म्हणाला, तीन महिने इकडे येऊ दे.

आल्याच्या दिवशी त्यांनी माझी भांडी बघितली. एक उतरवून आत बोट फिरवलं.

"कल्हई बरी आहे. पण लोकांच्या घरची गं ही. कुणी काय शिजवलं असेल, कुणाला घातलं असेल."

"आई, एवढ्या आगीतून काढून कल्हई केल्यावर काही राहत नाही."

"तू शिकलेली आहेस, तुला माहीत," त्या म्हणाल्या.

अकरा वर्षांत त्यांनी माझ्या हातच्या एकाही पदार्थाला चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हणत नसत. घास घेऊन ताटाकडे बघत राहायच्या, एवढंच. मग श्रीधर विचारायचा, "काय गं, मीठ कमी आहे का?" आणि त्या म्हणायच्या, "असू दे."

सकाळी निघताना मी त्यांचा डबा फ्रिजमध्ये ठेवायचे. पोळी, भाजी, वाटीभर वरण. मायक्रोवेव्हची त्यांना भीती वाटायची आणि काचेच्या सपाट शेगडीला तर त्या हातही लावायच्या नाहीत. म्हणजे त्या सगळं गारच खायच्या. ते मला माहीत होतं. दुपारी घरी यायचं म्हटलं तर ट्रामने वीस मिनिटं. मी येत नव्हते.

३

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी संध्याकाळी घरी आले. फ्रिज उघडला तर डबा जसाच्या तसा.

"आई, जेवला नाहीत?"

"जेवले की. दुपारी तू केलास तो सांजा छान झाला होता. अगदी मऊ."

मला वाटलं टोमणा आहे. आमच्यात टोमणे सरळ येत नसत. गार डब्याबद्दल बोलायचं असेल, तर ते असंच येणार. मी डबा गरम करून माझ्या पानात घेतला.

दुसऱ्या दिवशी डबा तसाच. तिसऱ्या दिवशीही. "आज मुगाची खिचडी केलीस ना, तूप सोडलंस वरून. त्यांना आवडायची तशी." सासऱ्यांचं नाव त्या घेत नसत. हे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मग मला कळलं की हा टोमणा नाही.

मी ओट्याशी गेले. सगळ्यात छोटं पातेलं खुंटीवर होतं, आपल्या जागी. हात लावला. बाहेरून कोरडं होतं आणि कोमट.

खिडकीतून ऊन येतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग लक्षात आलं की सकाळपासून पाऊस होता.

४

श्रीधरला सांगितलं. तो म्हणाला, "वय झालंय तिचं. दिवसभर एकटी असते, काहीतरी स्वप्नात बघत असेल."

"पण डबा खात नाहीत त्या."

"मग दुपारी ये ना तू घरी. वीस मिनिटं तर आहेत."

"तू ये."

"मी र्युसेल्सहाइमहून कसा येणार?" तो म्हणाला, आणि मग हळूच, "पहिल्यांदा कौतुक करतेय ती तुझं. तेही खटकतं का तुला?"

मी मला जमेल ते केलं, जे मी प्रयोगशाळेत केलं असतं. रव्याच्या डब्यावर पेन्सिलने बारीक खूण केली. तुपाच्या बरणीवर केली. शेगडीचा वेगळा फ्यूज होता, तो सकाळी जाताना पाडून ठेवला.

संध्याकाळी खुणा जागच्या जागी. फ्यूज पडलेला. डबा न उघडलेला. आणि आई सोफ्यावर तृप्त चेहऱ्याने पेंगत होत्या.

"आज काय केलं होतं मी?" मी विचारलं.

"विसरलीस होय?" त्या हसल्या. "दुपारी बोलत नाहीस ते बरं असतं. शांतपणे बसतेस, भरवतेस. संध्याकाळी आलीस की तुझी कटकट सुरू."

"मी भरवते?"

"मग. माझा हात कापतो ना."

त्यांचा हात कापत नव्हता. पण मी नीट बघितलं आणि तेव्हा मला दिसलं की त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या.

५

हाउसआर्त्स्टिन, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई, सावकाश बोलणाऱ्या होत्या. आई नाशिकहून आल्या तेव्हा त्यांचं वजन त्रेपन्न किलो होतं, आता पंचेचाळीस भरलं. रक्त, थायरॉइड, सगळं तपासलं. बाईंनी मला विचारलं, "त्या जेवतात का?"

मी आईंना मराठीत विचारलं.

"दुपारी इतकं जेवते की रात्री जागाच उरत नाही. सांग त्यांना. सून मला स्वतःच्या हाताने भरवते म्हणावं."

डॉक्टरीणबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"त्या म्हणतात, भूक लागत नाही," मी जर्मनमध्ये सांगितलं.

असं का केलं ते मला नीट माहीत आहे. खरं सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, दुपारी घरी कोण असतं? आणि मग कुणीतरी घरी असायला हवं असं ठरलं असतं, आणि ते कुणी हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाईंनी भूक वाढवायच्या गोळ्या आणि शक्तीची पेयं लिहून दिली. घरी त्यांच्या बाटल्या न उघडता रांगेत उभ्या राहिल्या.

त्याच शनिवारी मी छोटं पातेलं घेऊन ओडेनवाल्डला गेले. एक आशा होती. कल्हई उडून तांबं पोटात जात असेल, तर माणूस वाळतो, भ्रमिष्ट होऊ शकतो. तसं निघालं असतं तर मला आनंद झाला असता.

हेर रेटिशनी भांडं खिडकीशी धरलं. तळावर अंगठा फिरवला.

"हे मी एप्रिलमध्ये केलेलं नाही."

"तेच आहे. तुमची खूण आहे खाली."

त्यांनी पालथं करून खूण बघितली. परत आत बघितलं. तळाला कल्हई उरलीच नव्हती. लाल तांबं उघडं पडलं होतं, आणि त्यावर सगळीकडे गोल गोल बारीक ओरखडे.

"हे शिजवण्याने होत नाही," ते म्हणाले. "हे चमच्याने होतं. भांड्यात काही उरलं नाही तरी कुणी खरवडत राहतं ना, तसं. रोज वापरलं तर वीस वर्षं लागतील याला. तुमच्याकडे कोण जेवतं?"

"सासूबाई."

"फार भूक आहे त्यांना," म्हातारे म्हणाले.

मी विचारलं, परत कल्हई करून द्याल का? ते म्हणाले, सध्या खूप काम आहे. कार्यशाळेत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

६

सोमवारी मी साडेअकराला कामावरून निघाले. कुणाला सांगितलं नाही. करडं जाकीट, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, तशीच ट्राममध्ये बसले. सगळा वेळ मी स्वतःशी नीट वाद घालत होते. आई झोपल्या असतील. डबा फ्रिजमध्ये असेल. मी तो गरम करीन, समोर बसून खायला लावीन आणि हे सगळं इथेच संपेल.

इमारतीच्या दारात तळमजल्यावरच्या फ्राऊ झायबर्ट भेटल्या, हातात कचऱ्याची पिशवी.

"काही विसरलं का?" त्या म्हणाल्या.

"का?"

"आत्ताच तर वर गेलात. मी हॅलो म्हटलं तर बघितलंही नाही." त्या किंचित रागावल्या होत्या.

पहिल्या मजल्यावर पोचले तेव्हा वास आला. तुपावर भाजलेला रवा, वर मोहरी-कढीलिंबाची फोडणी. कढीलिंब आमच्या घरात महिनाभर नव्हता. वास इतका चांगला होता की मला भूक लागली. हे मला आजही सहन होत नाही, की त्या जिन्यात मला भूक लागली होती.

मी दार आवाज न करता उघडलं. बोळ, डावीकडे झोपायची खोली, समोर स्वयंपाकघर. त्याचं दार बंद होतं. त्या दाराला दुधी काच होती आणि कडेने बोटभर रुंदीची साधी काच.

आतून आईंचा आवाज येत होता. त्या बोलत होत्या, पुष्कळ, मोकळेपणाने. माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या तशा. लग्नाआधी शिवणाच्या क्लासला जायच्या त्याबद्दल. मध्येच हसत होत्या. दुसरं कुणी उत्तर देत नव्हतं. फक्त धातूवर धातू घासल्याचा आवाज. खरर, खरर. थांबायचा, परत सुरू व्हायचा.

मी त्या बोटभर काचेला डोळा लावला.

मला टेबलाचा कोपरा दिसला. आईंचा चेहरा दिसला, वर केलेला, लहान मुलासारखं तोंड उघडलेलं. टेबलावर छोटं पातेलं होतं. एक हात मला मनगटापर्यंत दिसत होता. माझं घड्याळ, करड्या जाकिटाची बाही. तो हात पातेल्यात गेला, तळ खरवडला आणि चमचा आईंच्या तोंडाशी नेला.

चमचा रिकामा होता.

आईंनी तोंड मिटलं. चावलं. गिळलं. गळ्याची कातडी हलली.

पातेलंही रिकामं होतं. तळाचं तांबं नुसतं लालभडक चमकत होतं.

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि खाली दाबला. मूठ हलली नाही. दाराला कुलूप नव्हतं, किल्ली तर आम्हाला कधी मिळालीच नव्हती. आतून कुणीतरी मूठ वर धरून ठेवली होती. फार जोर लावून नव्हे. आत काम चालू असताना मुलाला बाहेर ठेवतात, तसं. दुधी काचेपलीकडे एक करडा आकार अगदी जवळ उभा होता, माझ्याच उंचीचा.

"कोण आहे गं?" आईंनी आत विचारलं.

उत्तर आलं नाही.

"कुणी नाही ना? मग ये. बस."

मी दुसऱ्या हाताने दार ढकलू शकले असते. काच फोडू शकले असते. नुसतं "आई" म्हणून हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी मुठीवरून हात काढला. बोळातून मागे मागे आले आणि दार तितक्याच हळू लावून घेतलं.

लुइझेनप्लात्सच्या चौकात एका बाकावर मी सहा वाजेपर्यंत बसले. मग नेहमीच्या वेळेला घरी गेले.

७

कामावर रजा टाकायला मला आणखी नऊ दिवस लागले. ती टाकली त्याच सकाळी आई न्हाणीघरात पडल्या.

इस्पितळात त्यांना सलाइन लावलं. श्रीधर ऑफिसमधून धावत आला, बिछान्याशी बसून राहिला. त्याने सूप भरवायचा प्रयत्न केला, मी केला, नर्सने केला. आई ओठ मिटून घ्यायच्या. "पोट भरलंय रे," म्हणायच्या. त्यांचा आवाज समाधानी होता, तेच वाईट होतं. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं ठरवलं. ती त्यांनी दोनदा ओढून काढली.

"घरी काय खायची ही?" श्रीधरने मला बोळात विचारलं.

"डबा."

"संपवायची?"

"या," मी म्हणाले. जर्मन हो. मराठीत हो म्हणायला जमलं नाही.

तीन ऑगस्टला सकाळी त्या गेल्या. परतीचं तिकीट आठ तारखेचं होतं.

सुलेखाताईंचा फोन आला. त्या रडत होत्या. "वहिनी, आई मला दर रविवारी सांगायची. ऊर्मिला दुपारी काम सोडून येते, समोर बसून भरवते. सुलेखा, तू पोटची, पण तुला जमलं नाही, म्हणायची. खरंच वहिनी, माझ्या हातून नसतं झालं. तुमचे उपकार आहेत."

मी म्हणाले, "असं काय बोलता हो ताई."

मी त्याचं ऐकून दुपारी घरी यायला लागले असं समजून श्रीधरने हे सगळ्यांना सांगितलं. त्याच्या ऑफिसातल्या मराठी मंडळींना, नाशिकच्या नातेवाइकांना. भेटायला आलेल्या बायका माझा हात हातात घेत होत्या. मी घेऊ देत होते. नाही म्हणून मी सांगणार तरी काय होते?

एक गोष्ट मी श्रीधरलाही सांगितलेली नाही. दोन तारखेची, म्हणजे आदल्या दिवशीची.

त्या दिवशी मी सकाळी घरी जाऊन सांजा केला. आशियाई दुकानातून कढीलिंब आणला, रवा तुपावर हळू भाजला, मऊ होण्यासाठी पाणी बेतापेक्षा जास्त घातलं. त्याच छोट्या पातेल्यात केला, कल्हई नसलेल्या. घड्याळ घातलं, उन्हाळ्यातसुद्धा करडं जाकीट घातलं आणि पातेलं टॉवेलमध्ये गुंडाळून बाराच्या आत इस्पितळात पोचले. श्रीधर खाली कॉफी प्यायला गेला होता. शेजारचा बिछाना रिकामा होता.

मी काही बोलले नाही. शांतपणे बसले. चमच्याने तळ खरवडला, तो आवाज येईल असा.

आईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की अकरा वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. मी घास भरवला, अगदी चमच्याच्या टोकावर मावेल एवढा. खाल्लं तर वाचतील, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं.

त्यांनी तोंड मिटलं. चावायला गेल्या आणि थांबल्या. कपाळावर आठी आली. मग जिभेने तो घास बाहेर ढकलला, हनुवटीवर, चादरीवर.

"यात काहीतरी आहे," त्या घाबरून म्हणाल्या.

"सांजा आहे, आई. सांजाच आहे."

आवाज ऐकल्यावर त्यांनी मला ओळखलं. उजळलेलं सगळं विझलं. "तू होय," त्या म्हणाल्या. "असू दे."

मी त्यांची हनुवटी पुसली. चर्चचे बाराचे टोल पडायला लागले. आईंनी मान वळवली, माझ्यापासून दूर, बिछान्याच्या दुसऱ्या बाजूला. तिथे भिंत होती, आणि भिंतीच्या अलीकडे एक माणूस जेमतेम उभं राहील एवढी जागा.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, इथे तुला सापडायचं नाही."

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. चावायला लागल्या.

मी बेल दाबायला हवी होती. बेल उशाशी होती, हात लांब केला असता तर पोचला असता. आई सावकाश चावत होत्या आणि हातांनी चाचपडून कुणाला तरी जवळ बसायला सांगत होत्या. पण त्या बाजूला बसायला काही नव्हतं.

मी उठले. माझी खुर्ची उचलली, बिछान्याला वळसा घालून त्या बाजूला नेऊन ठेवली, आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.